व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर

प्लेसमेंटचा फॉर्म भरताना 'स्वतःची ओळख एका ओळीत' या रकान्यापाशी अडकलाय? मग एक जुना कागद बघा. 19 ऑक्टोबर 1882 ला पुण्यातल्या पंचावन्न वर्षांच्या एका गृहस्थांनी हंटर शिक्षण आयोगाला इंग्रजीत निवेदन दिलं. खाली नाव आणि नावापुढे ओळख: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. नाव होतं जोतीराव गोविंदराव फुले.

समाजसुधारक वगैरे काही नाही. पहिला शब्द चक्क 'व्यापारी'!

आपण शाळेत भिडेवाडा शिकतो, 1848 ची मुलींची शाळा शिकतो, पाच मार्कांना लिहूनही येतो. पण शाळा काढणाऱ्या या माणसाचं घर कशावर चालायचं, हा प्रश्न कधी पडला का? मला तरी कॉलेज संपेपर्यंत पडला नव्हता.

जोतीराव काही वर्षं मिशनच्या मुलींच्या शाळेत शिक्षक होते. पुढे धातूच्या ओतकामाला लागणारं साहित्य विकायचे, बांधकामांची कंत्राटं घ्यायचे. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी बांधकामाचा माल पुरवला. मांजरीजवळ त्यांची शेती होती. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी 1883 मध्ये लिहून पूर्ण केला. बांध घालून पाणी जमिनीत कसं मुरवायचं, हे ते त्यात सांगतात, तेव्हा ते नुसतं वाचून लिहिलेलं वाटत नाही. हातात माती लागलेला माणूस बोलतोय, हे कळतं.

1876 मध्ये ते पुणे नगरपालिकेत गेले. तेव्हा त्यांना सरकारनंच नेमलं होतं, त्यामुळे नेमलेल्यांनी माना डोलवाव्यात हे ठरलेलंच. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. जोतीराव म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या. ठराव अर्थातच पास झाला. नेमलेल्या सभासदांपैकी विरोधात मत पडलं ते एकट्या जोतीरावांचं.

आता जरा विचार करा. सरकारी कामांशी धंदा जोडलेल्या माणसाला साहेबाला दुखवणं परवडत नाही, हे आजही कोणीही सांगेल. पोटापाण्याचं कारण पुढे करून ते गप्प बसू शकले असते. आपणही नाही का म्हणत, आधी सेटल होऊ, मग बघू?

हंटर आयोगापुढचं निवेदन वाचताना त्यांची ही सगळी कामं एकत्र दिसतात. सरकारच्या तिजोरीत पैसा रयतेचा जातो, मग शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवरच का, हा हिशेब शेतकरी मांडतो. मास्तर कसा हवा, हे शिकवलेला माणूस सांगतो: वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला लाज न वाटणारा. आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी तर थेट.

देशभरासाठी शिक्षणहक्काचा कायदा आला 2009 मध्ये. निवेदनानंतर 127 वर्षांनी.