राजमुकुटाखालचा टेलिफोन

लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरून बर्लिंग्टन हाउसच्या कमानीखाली शिरलं, की रॉयल अकॅडमीच्या वाटेवरच एक लाल टेलिफोन बूथ लागतो. चित्रं बघायच्या घाईत असलेले बहुतेक लोक त्याच्याकडे न बघताच पुढे जातात. हा बूथ लाकडाचा आहे. पुढे ब्रिटनभर जे हजारो बिडाचे बूथ उभे राहिले, त्यांचा हा मूळ नमुना. वास्तुविशारद सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी तो १९२४ सालच्या स्पर्धेसाठी केला होता.

त्याआधी पोस्ट खात्याचा काँक्रीटचा एक बूथ होता, पण तो कोणालाच धड आवडला नव्हता. म्हणून स्पर्धा ठेवली गेली आणि नामांकित वास्तुविशारदांना बोलावण्यात आलं. स्कॉट यांनी अवघ्या बाविसाव्या वर्षी लिव्हरपूल कॅथेड्रलची स्पर्धा जिंकली होती. पुढे बॅटरसी आणि बँकसाइड या वीजकेंद्रांवरही त्यांचा हात फिरला. एवढ्या तोलामोलाच्या माणसाला एक माणूस मावेल एवढ्या खोलीचं काम दिलं गेलं आणि त्यानेही ते मन लावून केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. बूथचा उथळ घुमट बघितला, की सेंट पँक्रसच्या जुन्या चर्चच्या आवारातली सर जॉन सोन यांची समाधी आठवते. स्कॉट यांना कल्पना तिथूनच सुचली असं मानतात. घुमटाखालच्या राजमुकुटाला बारीक भोकं आहेत. मुकुट शोभेचा खराच, पण आतली हवा त्या भोकांतूनच बाहेर पडते.

रंग मात्र स्कॉट यांच्या मनातला नव्हता. बाहेरून चंदेरी आणि आतून हिरवट निळा, असं त्यांनी सुचवलं होतं. पोस्ट खात्याने लाल ठरवला. गावोगावी त्यावर कुरबुर झाली, आणि काही निसर्गरम्य ठिकाणी तर राखाडी रंग देऊन फक्त काचांच्या पट्ट्या लाल ठेवायची मुभा द्यावी लागली. हल शहरात टेलिफोनचा कारभार नगरपालिकेचा होता, त्यामुळे तिथले बूथ सायीच्या रंगाचे आणि बिनमुकुटाचे.

स्कॉट यांचा पहिला बूथ मोठा आणि महागडा, म्हणून तो मुख्यतः लंडनपुरता राहिला. खेडोपाडी पोहोचला तो ‘के-सिक्स’. राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाला १९३५ मध्ये पंचवीस वर्षं झाली, त्यानिमित्त स्कॉट यांनीच ही छोटी आवृत्ती काढली. असे सुमारे ६०,००० बूथ बसले. ओतकाम बहुतेक स्कॉटलंडच्या फाउंड्र्यांमधलं. जगभर इंग्लंडची ओळख म्हणून मिरवणारी ही वस्तू मोठ्या प्रमाणात स्कॉटिश कामगारांच्या हातची आहे, हे सांगायलाच हवं.

आतला थाट हे बूथ वापरलेल्या पिढीच्या लोकांना आजही पाठ असतो. जड दार ओढून आत जायचं, काळा रिसीव्हर उचलायचा, ब्राँझच्या मोठ्या पेन्या एकेक करून टाकायच्या आणि नंबर फिरवायचा. पलीकडून ‘हॅलो’ ऐकू यायचं, पण तुमचा आवाज तिकडे पोहोचत नसे. ‘ए’ बटण दाबलं की नाणी खडखडत पेटीत पडत आणि बोलणं सुरू होई. कोणी उचललं नाही, तर ‘बी’ दाबायचं, पैसे परत. बी दाबायला विसरून गेलेल्या एखाद्याची नाणी आपल्याला मिळतील, या आशेने शाळकरी पोरं दिसेल त्या बूथमध्ये शिरून ते बटण दाबून बघत. ऑपरेटरमार्फत कॉल लावला, तर प्रत्येक नाणं आत पडताना वेगळा आवाज करी आणि किती पैसे पडले ते ऑपरेटर नुसत्या कानाने ओळखी.

१९७० च्या सुमारासही निम्म्याहून जास्त ब्रिटिश घरांत फोन नव्हता. नोकरीची खबर, आजारपण, प्रेमाच्या गोष्टी, सगळं याच काचांआड बोललं जाई आणि बाहेर रांगेतला माणूस काचेवर टकटक करी. सिनेमा-संगीतात हा बूथ सारखा दिसतो तो त्यामुळेच. ‘अ हार्ड डेज नाइट’मध्ये चाहत्यांना चुकवायला बीटल्स बूथमध्ये लपतात. १९७२ च्या ‘झिगी स्टारडस्ट’ या अल्बमच्या मलपृष्ठावर डेव्हिड बोवी बूथमध्येच उभा आहे.

१९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचं खासगीकरण झालं आणि पुढच्याच वर्षी लाल बूथ काढायची घोषणा झाली. नव्या बूथचं दार उघडायला सोपं, देखभाल कमी आणि व्हीलचेअरवरच्या माणसालाही आत जाता येई. हे मुद्दे खोटे नव्हते. पण सोय करायची म्हणजे देखणेपण टाकूनच द्यायचं, हा हट्ट चुकीचा होता. वास्तुइतिहासकार गॅव्हिन स्टॅम्प आणि ‘थर्टीज सोसायटी’ ही वारसाप्रेमींची संस्था यांनी लाल बूथ वाचवायला चिकाटीने मोहीम चालवली. तिचं फळ म्हणजे दोन हजारांहून अधिक बूथ आज वारसा म्हणून संरक्षित आहेत.

२००८ पासून एखाद्या गावाला वापरात नसलेला बूथ एका पौंडात दत्तक घेता येतो. कुठे त्यात वाचनालय थाटलंय, तर कुठे हृदय बंद पडलेल्या माणसासाठी डिफिब्रिलेटर टांगलाय. फोन चालू असलेल्या बूथांसाठी दूरसंचार नियामक ऑफकॉमने २०२२ मध्ये नियम केले: जिथे मोबाइलची रेंज पुरेशी नाही, जिथे अपघात जास्त होतात किंवा जिथून वर्षभरात ५२ पेक्षा जास्त कॉल झाले, तिथला बूथ कंपनीला बंद करता येत नाही.