अध्यासन एकाचे, प्रयोगशाळा सर्वांची

सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेसाठी मुंबईइतकी गैरसोयीची जागा शोधूनही सापडायची नाही. चार महिने हवा ओलीचिंब, उरलेले आठ महिने धूळ. आणि या कामाला दोन्हींचे वावडे. तरीही २००६ साली केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या पैशातून पवईची आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभारायला घेतली. पवईच्या बाजूला ज्युझर वासी, व्ही. रामगोपाल राव ही मंडळी होती. ‘अप्लाइड मटेरिअल्स’ या चिपनिर्मितीची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीनेही यंत्रे दिली.

विद्यापीठात नवे अध्यासन स्थापन झाले की बातमी छापून येते. ठेवीच्या व्याजातून एका प्राध्यापकाचे मानधन आणि दोन-चार विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती निघते. इतिहासाला किंवा गणिताला तेवढे पुरावे. चिपवाल्याचा खर्च मात्र तिथून पुढे सुरू होतो.

शंभर वर्गाची स्वच्छ खोली म्हणजे एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभराच्या वर नकोत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. अशा खोलीत सर्वांत मळकी वस्तू म्हणजे माणूसच. म्हणून त्याला डोक्यापासून पायापर्यंत झाकूनच आत घेतात. वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, नक्षी उतरवण्याच्या दालनात पिवळा उजेड असतो, कारण निळ्या-जांभळ्या प्रकाशाने फोटोरेझिस्टचा लेप बिघडतो. धुण्याचे पाणी इतके शुद्ध की त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. सिलेन वायूची हवेशी गाठ पडली की तो पेट घेतो. हायड्रोफ्लुओरिक आम्ल कातडीतून आत शिरून शरीरातले कॅल्शियम गिळते. त्यावरचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी ठेवूनच ते वापरायचे.

हे सारे रात्रंदिवस चालू ठेवावे लागते. वातानुकूलन सुट्टीच्या दिवशीही बंद करून चालत नाही. व्हॅक्यूम पंप, गॅस सिलिंडर, गाळण्या, परदेशातून येणारे सुटे भाग आणि हे सगळे सांभाळणारे तंत्रज्ञ हा कायमचा खर्च. उद्घाटनाच्या नारळाला आपल्याकडे पैसे कधी कमी पडत नाहीत. गाळणी बदलायची वेळ आली की फाइल फिरत राहते.

माझ्या मते पवईच्या केंद्राची खरी कमाई म्हणजे त्याने दार उघडे ठेवले, ही. २००८ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्ता कार्यक्रमातून बाहेरच्या महाविद्यालयांतले अध्यापक आणि विद्यार्थी इथे येऊन प्रशिक्षण घेऊ लागले, स्वतःचे नमुने बनवू लागले. ज्याच्या महाविद्यालयात साधी भट्टीही नाही, अशा संशोधकालाही वेफर हाताळायला मिळाला. पुढे या योजनेत दिल्ली, मद्रास, खरगपूर आणि गुवाहाटीच्या आयआयटीही आल्या.

चिपचेच भावंड असलेल्या संकेत प्रक्रियेचा, म्हणजे आवाजासारख्या संकेतांवर संगणकाने काम करण्याचा, संसार त्या मानाने स्वस्तातला. मायक्रोफोन, संगणक आणि चिकाटी एवढ्यावर सुरुवात होते. पवईतच प्रेम पांडे यांनी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आवाजावर प्रक्रिया करण्याच्या पद्धतींवर काम केले. प्रीती राव यांच्या गटाने हिंदुस्थानी संगीताचे आणि मुलांच्या प्रकट वाचनाचे विश्लेषण केले. पण श्रवणयंत्राची बॅटरी शेंगदाण्याएवढी. पद्धत कितीही हुशार असली तरी तेवढ्या विजेवर चालणाऱ्या चिपमध्ये मावली नाही, तर ती शोधनिबंधातच राहते. म्हणून ही दोन शास्त्रे एका छपराखाली हवीत.

माधव देसाई यांच्या गटाने इथेच ‘अजित’ हा मायक्रोप्रोसेसर रचला. तो घडवला मात्र पंजाबात, मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत, १८० नॅनोमीटर तंत्रावर. हे तंत्र नव्वदीच्या दशकाच्या अखेरचे. मोबाइलवाले हसतील, पण वीजमीटर किंवा धुलाईयंत्र चालवायला ते भरपूर झाले. मोहालीचा कारखाना १९८९ साली आगीत जळाला होता आणि पुन्हा उभा राहायला वर्षे गेली, हे लक्षात घेतले तर हसू जरा आवरेल.

तेव्हा वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावाने अध्यासन देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. दानपत्रात आणखी एक कलम घाला: व्याजाचा निम्मा वाटा यंत्रांच्या देखभालीला आणि तंत्रज्ञांच्या पगाराला, आणि यंत्रावरचे काही तास बाहेरच्या महाविद्यालयांसाठी राखीव.