ठणठणीत डुकराच्या पोटातले पाहुणे

1885 साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी आजारी डुकरांमधून एक जिवाणू वेगळा काढला. ‘हॉग कॉलरा’ या रोगाचे खापर त्याच्यावर फुटले. पुढे खरा गुन्हेगार विषाणू निघाला. जिवाणूला मात्र स्मिथ यांचे वरिष्ठ डॅनियल सॅल्मन यांचे नाव कायमचे चिकटले. तोच साल्मोनेला.

गंमत म्हणजे, साल्मोनेला पोटात बाळगणारे डुक्कर बहुतेक वेळा ठणठणीत दिसते. कत्तलखान्यात आतडी काढताना सुरी जरा चुकली, की विष्ठेतले जिवाणू मांसावर उतरतात. येर्सिनिया हा दुसरा जिवाणू डुकराच्या टॉन्सिलमध्ये राहतो आणि फ्रीजच्या थंडीतही वाढतो.

डेन्मार्कमध्ये 1995 पासून मांसातल्या रसातील साल्मोनेलाविरोधी प्रतिपिंडे तपासून कळपांची तीन स्तरांत विभागणी होऊ लागली. सर्वाधिक बाधित कळपांची कत्तल वेगळी, जास्त काळजीने.

तरीही 1998 मध्ये तिथे साल्मोनेलाची साथ आलीच. 25 जणांची बाधा तपासणीत सिद्ध झाली, दोघे दगावले. माग एका डुक्करपालन केंद्रापर्यंत पोहोचला. हा जिवाणू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता, म्हणून डॉक्टरांचे हात बांधले गेले.

स्वयंपाकघरातले उपाय सोपे आहेत. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीसाठी वापरू नका. डुकराचा खिमा आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस तापू द्या. गोव्याचा कच्चा चोरीसही, म्हणजे डुकराच्या मांसाचा सॉसेजही, नीट शिजवूनच पावात भरा.