मथळ्यातली मुलगी

गेल्या हिवाळ्यात आमच्या थोरल्या लेकीने तालुक्याच्या मराठी वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर मिळवला. विषय होता ‘आमच्या गावची विहीर’. तिने दादाजानकडून विहिरीच्या जुन्या हकीकती ऐकल्या, ग्रामपंचायतीत जाऊन पाणीपट्टीची माहिती काढली, आठ दिवस आरशासमोर उभे राहून भाषण पाठ केले. तिसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली. मथळा असा होता : ‘मुस्लिम विद्यार्थिनीची मराठी वक्तृत्वात बाजी.’

घरात आनंदीआनंद झाला. दादीने शिरखुर्मा केला, मामूंनी अंक विकत घेऊन वाटले. रात्री जेवणे आटोपल्यावर लेक कात्रण घेऊन आली आणि म्हणाली, “अब्बू, माझं नाव तिसऱ्या ओळीत आहे. विहिरीचं तर कुठेच नाही. आणि दुसरा नंबर आला त्या मुलाच्या आधी काहीच कसं लिहिलं नाही? तो नुसता विद्यार्थी, मी मुस्लिम विद्यार्थिनी?”

आम्ही दोघेही शाळेत शिकवतो. मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात आयुष्य गेले, पण या प्रश्नावर पटकन काही सुचले नाही. धाकटा मात्र कॉमिक्सचे पुस्तक बाजूला ठेवून म्हणाला, “आपा, तुझं कमला खानसारखं झालं!”

हसण्यावारी गेलेली ही गोष्ट पुढे कित्येक दिवस आमच्या डोक्यात राहिली. कारण मुलाचे म्हणणे खरे होते. कमला खान ही कॉमिक्समधली मुलगी आहे आणि तिचा जन्म वाचकांना कळला तोच मुळी वर्तमानपत्रातून. तिची स्वतःची मालिका यायच्या आधी ती मथळ्यात आली.

बातमी आधी, पुस्तक नंतर

नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली की मार्व्हल ही अमेरिकन कॉमिक्स कंपनी एका मुस्लिम मुलीला नायिका करून नवी मालिका काढणार आहे. ती बातमी बघता बघता जगभर पसरली. वर्तमानपत्रे, रेडिओ, दूरचित्रवाणी, सगळीकडे चर्चा सुरू झाली. पहिला अंक बाजारात आला फेब्रुवारी २०१४ मध्ये. म्हणजे मधले तीन महिने लोक न वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलत होते. कुणी कौतुक करीत होते, कुणी संतापले होते. आपल्या समाजातही कुणी खूश झाले, तर ही पोर आपल्या दीनची टिंगल तर करणार नाही ना, अशी धास्ती कुणाला वाटली.

मथळ्यांमध्ये एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता : ‘पहिली’. पहिली मुस्लिम सुपरहिरो. शिक्षकाची सवय म्हणून आम्ही हा शब्द तपासून पाहिला. तो पुरता खरा नाही. याच मार्व्हलच्या एक्स-मेन कथांमध्ये २००२ साली सूरय्या कादिर नावाची अफगाण मुलगी आली होती, वाळूचे रूप घेणारी आणि नकाब घालणारी. कुवेतमध्ये २००६ साली मानसशास्त्रज्ञ नाइफ अल-मुतव्वा यांनी ‘द ९९’ ही मालिका सुरू केली होती. अस्मा-उल-हुस्नामधून सुचलेले एकेक गुण तिच्यातल्या मुलामुलींना दिलेले होते. खरी बातमी एवढीच होती की, मार्व्हलमध्ये स्वतःच्या नावावर स्वतंत्र मालिका मिळालेली कमला ही पहिली मुस्लिम व्यक्तिरेखा. हे वाक्य लांब आहे आणि मथळ्यात बसत नाही. मग लांब सत्याचे आखूड अर्धसत्य होते.

मथळ्यात न मावलेले

आता पुस्तकात काय आहे ते पाहू. कमला सोळा वर्षांची. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत राहते. आईवडील पाकिस्तानातून गेलेले. वडील युसूफ, आई मुनीबा, थोरला भाऊ आमिर नमाजी आणि गंभीर. संपादिका सना अमानत या स्वतः न्यू जर्सीत वाढलेल्या, पाकिस्तानी कुटुंबातल्या. त्यांच्या बालपणीच्या आठवणींवरून ही कल्पना निघाली. कथा लिहिली जी. विलो विल्सन यांनी. त्या अमेरिकन असून त्यांनी इस्लाम स्वीकारलेला आहे. चित्रे एड्रियन अल्फोना यांची.

कमलाला शक्ती मिळते तेव्हा ती सर्वांत आधी काय करते? ती आपल्या आवडत्या नायिकेसारखी, म्हणजे गोरी आणि सोनेरी केसांची होऊन बसते. कारण हिरो म्हटला की तो असाच दिसणार, हे तिच्या मनावर ठसलेले असते. मग तिच्या लक्षात येते की ते कपडे टोचतात, ते केस डोळ्यांवर येतात आणि हे रूप आपले नव्हे. पुढे ती आपला पोशाख स्वतःच्या बुरकिनीतून बेतते. परक्यासारखे दिसायची धडपड आणि शेवटी स्वतःच्या रूपात परत येणे, हा या कथेचा गाभा आहे. ज्या मुलींना मराठी शाळेत ‘तू मुस्लिम वाटत नाहीस हं’ हे कौतुक म्हणून ऐकावे लागते, त्यांना हा गाभा समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक प्रसंग आम्हाला फार आवडतो. घरच्यांना चिंता वाटते म्हणून कमलाला मशिदीतल्या शेख अब्दुल्ला यांच्याकडे पाठवतात. आता ओरडा बसणार, अशी तिची खात्री. शेखसाहेब मात्र तिला थांब म्हणत नाहीत. जे काही करतेस ते धैर्याने, प्रामाणिकपणे, दयाबुद्धीने आणि स्वाभिमानाने कर, आणि एखादा चांगला गुरू शोध, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. चित्रपटांत आणि मालिकांत मौलवी म्हटला की एक तर डोळे वटारणारा, नाहीतर हास्यास्पद. इथे तो समजूतदार वडीलधारा आहे. मालिकेच्या पहिल्या संग्रहाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सार्वजनिक बसगाड्यांवर इस्लामविरोधी जाहिराती लागल्या होत्या. काही तरुणांनी त्या जाहिरातींवर कमलाची चित्रे आणि द्वेषाविरुद्धचा मजकूर चिकटवला. ही बातमीही खूप गाजली. कागदावरची पोर अशी रस्त्यावर उतरलेली पाहून तिच्या लेखिकेलाही नवल वाटले असेल.

पडद्यावर

जून २०२२ मध्ये कमलाची सहा भागांची मालिका डिस्ने प्लसवर आली. पाकिस्तानात ती सेवा नव्हती, म्हणून तिथे ती तीन टप्प्यांत चित्रपटगृहांत दाखवली गेली. मालिकेत कमला कराचीला जाते आणि पुढे १९४७ च्या फाळणीतल्या रेल्वे स्थानकावर जाऊन पोहोचते. ज्या घरांत फाळणीचे नाव अजूनही हलक्या आवाजात घेतले जाते, त्या घरांसाठी हे दृश्य केवळ चमत्काराची गोष्ट नव्हते. कमलाची आई रंगवली ती मुंबईत जन्मलेल्या झेनोबिया श्रॉफ यांनी. फरहान अख्तर आणि फवाद खान हे दोघेही एकाच मालिकेत दिसले. एरवी सरहद्दीमुळे जे जमत नाही, ते एका कॉमिक्सने जमवून आणले.

कॉमिक्समधल्या कमलाचे अंग ताणले जाते, लहानमोठे होते. पडद्यावर तिला बांगडीतून प्रकाशाची शक्ती मिळाली. या बदलावर वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली आणि ती योग्यच होती. कारण शरीर बदलता येणे हाच कथेचा अर्थ होता. बांगडी सुंदर आहे, पण तो अर्थ तिच्यात उतरत नाही. पुस्तकाचा चित्रपट होताना काय आले आणि काय गळले, हे सांगणे समीक्षकाचे काम. अशा लेखांतून मुले खरोखर शिकतात.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ‘द मार्व्हल्स’ हा मोठ्या पडद्याचा चित्रपट आला. त्यात तीन नायिका, पैकी एक कमला. त्या काळात अमेरिकेतल्या नटनट्यांचा संप चालू होता. संपाच्या नियमाप्रमाणे त्यांना चित्रपटाच्या प्रचारासाठी मुलाखती देता येत नव्हत्या. संप मिटला तो प्रदर्शनाच्या अगदी आदल्या दिवशी. कलाकार गप्प, त्यामुळे बोलले ते आकडे. मार्व्हलच्या चित्रपटांतला सर्वांत कमी कमाईचा चित्रपट, हेच मथळे झाले. कमलाचे काम करणारी इमान वेलानी ही कराचीत जन्मलेली, कॅनडात वाढलेली मुलगी. ती शाळेत असल्यापासून याच कॉमिक्सची वेडी होती. पुढे तिने कमलाच्या कॉमिक्सचे सहलेखनही केले. वाचक होती, ती पात्र झाली आणि मग लेखिका झाली! आमच्या वर्गात सांगायला याहून चांगली बातमी कोणती? पण कमाईच्या आकड्यांच्या गर्दीत ती कोपऱ्यात राहिली.

दोन्हीकडून मार

मथळ्यांचा दुसरा धडा ‘द ९९’कडून मिळतो. एप्रिल २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी जाहीर भाषणात या मालिकेचे कौतुक केले. तिचा कार्टूनपटही झाला. पण अमेरिकेतल्या काही स्तंभलेखकांना त्यात धर्मप्रचार दिसला आणि त्यांनी मुलांना जपा म्हणून लेख लिहिले. २०१४ मध्ये सौदी अरेबियात तिच्याविरुद्ध फतवा निघाला. अल्लाहच्या नावांशी जोडलेल्या गोष्टीबद्दल श्रद्धावानाला काळजी वाटणे आम्ही समजू शकतो. तो आक्षेप मांडायचा तर पुस्तक वाचून मांडावा. इथे दोन टोकांचे लोक एकमेकांना न भेटता एकाच निष्कर्षाला पोहोचले. बातमी आली की आधी शहानिशा करा, ही सूरह हुजुरातची शिकवण आपण व्हॉट्सअ‍ॅपच्या संदर्भात नेहमी सांगतो. छापील मथळ्यालाही ती तितकीच लागू आहे.

रेडिओने केलेले काम

सगळाच दोष माध्यमांचा, असे मात्र नाही. जुलै १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रे पोहोचवणाऱ्यांचा संप झाला. मुलांची चित्रकथांची पाने बंद पडली. तेव्हा महापौर ला गार्डिया यांनी रेडिओवर बसून त्या चित्रकथा अगदी नाट्यमय आवाजात मुलांना वाचून दाखवल्या.

त्याहून मोठी गोष्ट पुढच्या वर्षीची. सुपरमॅनच्या कथा १९४० पासून रेडिओवर चालत होत्या. १९४६ मध्ये त्यात सोळा भागांची एक कथा सादर झाली. एक चिनी कुटुंब नव्या वस्तीत राहायला येते, त्यांचा मुलगा बेसबॉलच्या संघात येतो, आणि कू क्लक्स क्लॅनच्या धर्तीवरची एक द्वेषी टोळी त्या कुटुंबाच्या मागे लागते. सुपरमॅन त्या टोळीशी लढतो. त्या काळी क्लॅन ही काही कल्पनेतली गोष्ट नव्हती. लाखो घरांत संध्याकाळी मुले रेडिओभोवती बसत, त्या वेळी शेजारी वेगळा आहे म्हणून तो शत्रू ठरत नाही, हे त्यांनी ऐकले.

आणि कॉमिक्सवाल्यांनीही वर्तमानपत्रांची खोड कधीच ओळखली होती. सुपरमॅनचे साध्या वेषातले काम बातमीदाराचे. स्पायडरमॅनच्या कथेत जेमसन नावाचा संपादक आहे. हा मुलगा धोकादायक, हे तो आधी ठरवतो आणि त्यासाठी बातम्या नंतर शोधतो. आमचा धाकटा त्याला पाहून पोट धरून हसतो. आम्हीही हसतो, पण जरा कमी.

आमच्या घरचे चार प्रश्न

आता रविवारी सकाळी चहाच्या वेळी आम्ही एक बातमी घेऊन बसतो. सिनेमाची, खेळाची, कॉमिक्सची, कोणतीही. चार प्रश्न ठरलेले. लिहिणाऱ्याने ती वस्तू स्वतः वाचली किंवा पाहिली आहे का? मथळ्यातला शब्द आतल्या मजकुरात सिद्ध होतो का? माणसाच्या नावाआधी लावलेले विशेषण काढले तर बातमी उरते का? आणि त्या माणसाने केलेले काम आपल्याला कळले का? वर्गातही आम्ही हाच खेळ घेतला. मुलांनी एका तासात इतकी ‘पहिली’, ‘पहिलावहिला’ आणि ‘एकमेव’ शोधून काढली की फळा पुरला नाही.

लेकीच्या कात्रणाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. आम्ही त्या बातमीदाराला फोन केला. भांडायला नाही, विचारायला. तो तरुण होता, प्रामाणिकही. म्हणाला, “सर, खरं सांगू? तो शब्द नसता तर बातमी आतल्या पानावर चार ओळींत गेली असती. मला तुमच्या मुलीचं कौतुकच करायचं होतं.” आम्हाला त्याचा राग आला नाही. पण कौतुकालाही आधी आश्चर्य वाटावे लागते, याची टोचणी मात्र राहिली. आमच्या तीन पिढ्या या गावात मराठी बोलतात. आमच्या मुलीने मराठीत छान बोलावे, यात नवल काय?

आम्ही त्याला एवढेच म्हटले, “पुढच्या वेळी विहिरीबद्दलही लिहा. पाणी सगळेच पितात.”

तो हसला आणि हो म्हणाला. लेकीने कात्रण वहीत चिकटवले आहे. मथळा तिने खोडला नाही. त्याखाली निळ्या शाईने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे : विषय – आमच्या गावची विहीर. वक्ती – इयत्ता नववीची विद्यार्थिनी.