शेवट आधी कळला तर?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी मोठा बाका प्रसंग उद्भवला. एका रहस्यपटाची चार तिकिटे काढलेली होती. आम्ही रिक्षातून चित्रपटगृहाकडे निघालो होतो आणि वाटेत माझ्या भाचीने, जिने तो चित्रपट मैत्रिणींबरोबर आधीच पाहिला होता, खुनी कोण ते आपल्या धाकट्या भावाला सांगून टाकले. बारा वर्षांचा भाचा हिरमुसला. "मामा, आता काय पाहायचं? मी नाही येत," असे म्हणून त्याने तोंड फिरवले. तिकिटांचे पैसे तर परत मिळणार नव्हते. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला, की या मुलाचे नुकसान नेमके किती झाले?

मित्रांनो, हे नुकसान मोजता येते. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली माहिती मोजण्याची रीत सांगितली. तिचा गाभा असा, की एखाद्या निरोपातील माहिती त्याच्या लांबीवर नव्हे, तर त्यामुळे किती अनिश्चितता दूर झाली यावर अवलंबून असते. नाणे उडवले, छाप की काटा ते कळले, की १ बिट माहिती मिळाली. आता समजा, चित्रपटात आठ संशयित आहेत आणि आठांवर संशय सारखाच आहे. 'खुनी पहिल्या चौघांत आहे का?' असे विचारून निम्मे बाद करा. उरलेल्या चौघांतून दोघे, दोघांतून एक. 'हो' किंवा 'नाही' अशा उत्तरांचे तीन प्रश्न पुरले, म्हणजे खुन्याचे नाव ही ३ बिट माहिती झाली. ती भाचीने रिक्षातच देऊन टाकली. आता पडद्यावर तेच नाव उघड होईल तेव्हा मिळणारी माहिती शून्य!

(नाण्यावरून आठवले. 'शोले' या १९७५ सालच्या चित्रपटातही एक नाणे वारंवार उडवले जाते. ते प्रत्येक वेळी किती बिट माहिती देते, हे चित्रपट पाहून झाल्यावर ठरवा. अर्थात हा प्रश्न विचारून मीही थोडा रहस्यभेद केलाच, क्षमा असावी.)

अशी बातमी पसरते फार झपाट्याने. एकाने तिघांना सांगितले, त्या प्रत्येकाने आणखी तिघांना, तर ३, ९, २७, ८१ अशी चौथ्या फेरीतच साठ मुलांच्या वर्गाची वासलात लागते. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द माउसट्रॅप' या नाटकात शेवटी प्रेक्षकांनाच विनंती करतात, की गुपित बाहेर फोडू नका. हिचकॉक यांनी तर 'सायको'च्या वेळी, १९६० साली, खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही असा दंडकच घातला होता.

पण गंमत पाहा. हेच हिचकॉक एक उदाहरण देत असत. दोन माणसे टेबलाशी गप्पा मारीत बसली आहेत आणि टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला ते ठाऊक नसेल, तर स्फोटाच्या वेळी क्षणभर धक्का बसतो. ठाऊक असेल, तर सबंध प्रसंगभर जीव टांगणीला लागतो. म्हणजे आधी कळल्याने रस वाढूही शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली लघुकथांवर प्रयोग केला, तेव्हा शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा किंचित अधिकच आवडल्याचे दिसले. नंतरच्या काही प्रयोगांत मात्र उलटे आढळले. माझे मत विचाराल तर, ज्या चित्रपटाची सारी किंमत त्या ३ बिटांत साठवलेली असते, त्याचेच खरे दिवाळे निघते.

आता दुसरा प्रश्न. चित्रपटगृहात असे काय आहे, जे घरी नाही? 'मोठा पडदा' हे उत्तर पुरेसे नाही. हात लांब करून मूठ धरा. मुठीची रुंदी डोळ्याशी सुमारे १० अंशांचा कोन करते. ही तुमची कोनमापक पट्टी. १२ मीटर रुंद पडदा १५ मीटरवरून पाहिला, तर सुमारे ४४ अंशांचा कोन होतो. घरचा ९५ सेंटिमीटर रुंद टीव्ही अडीच मीटरवरून जेमतेम २२ अंशांचा. आणि १५ सेंटिमीटर लांबीचा मोबाइल आडवा करून ३० सेंटिमीटरवर धरला, तर २८ अंशांचा, म्हणजे टीव्हीपेक्षा मोठा! मग मोबाइल १८ सेंटिमीटरवर आणला, की ४५ अंश होऊन चित्रपटगृह घरी येईल का? कोन येईल; पण इतके जवळचे पाहताना डोळ्याच्या भिंगाचे स्नायू ताणलेले राहतात. १५ मीटरवर पाहताना ते सैल असतात. शिवाय पडदा दूर आहे हे मेंदूला ठाऊक असते, म्हणून तेवढ्याच कोनातला हत्ती तिथे हत्तीएवढा वाटतो आणि हातातला खेळण्यातला वाटतो.

तेजस्वितेचे तर उलटेच आहे. चित्रपटगृहातल्या पडद्याची प्रमाण तेजस्विता दर चौरस मीटरला फक्त ४८ कँडेला असते. मोबाइलची त्याच्या कितीतरी पट असू शकते. चित्रपटगृहाची खरी दौलत आहे ती अंधार. समजा, पडद्याचा सर्वांत काळा भाग ०.०५ कँडेला आहे. मग उजेड आणि काळोख यांचे गुणोत्तर ९६० झाले. कोणीतरी दार उघडले आणि पडद्यावर सगळीकडे १ कँडेलाची भर पडली, तर ते ४९ भागिले १.०५, म्हणजे जेमतेम ४७ उरते! उजळ भागात फरक कळतसुद्धा नाही, पण काळोख पार करडा होऊन जातो. दिवसा बैठकीच्या खोलीत भुताचा चित्रपट का रंगत नाही, ते आता ध्यानात येईल.

ध्वनीचेही तसेच. ४० हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजाची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या वर असते. असा आवाज मोठा काढायचा तर पुष्कळ हवा ढकलावी लागते, आणि मोबाइलचा नखाएवढा पडदा ती कुठून ढकलणार? चित्रपटगृहात पोटात जाणवणारा गडगडाट मोबाइलवर टक्‌कन वाजून संपतो.

म्हणून मी तिकीट काढण्यापूर्वी दोन्ही हिशेब करतो. बंगल्यात बसून सगळे बोलताहेत आणि खुनी शोधायचा आहे, असा चित्रपट घरी पाहिला तरी चालतो. पण तो लवकर पाहावा, आणि तोवर जाहिरातीची झलकसुद्धा पाहू नये. डोंगर, समुद्र, अवकाश, काळोख यांचा चित्रपट मोठ्या पडद्यावरच पाहावा. मग शेवट कळलेला असला तरी फारसे बिघडत नाही. 'शोले'चा शेवट सर्वांना पाठ होता, तरी रामनगरचे ते खडक ७० मिलिमीटरच्या पडद्यावर पाहायला लोक पुन्हा पुन्हा जात होते. विनोदी चित्रपटाचे कोडे मात्र मला सुटलेले नाही. शेजारचे चारशे लोक हसले, की आपणही का हसतो, याचे सूत्र भौतिकशास्त्रात नाही.

भाचा अखेर आला. तोंड फुगवूनच बसला. मध्यंतरापूर्वी एकदम माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "मामा, तो बघ, सगळ्यांनी चहा घेतला, त्याने नाही घेतला!" माझ्या ते लक्षातही आले नव्हते. मला ठाऊक नव्हते ना, कोणाकडे पाहायचे ते.