बोनेर : पाण्याखालच्या सहलीची आखणी

सहलीची आखणी म्हटली, की आपण प्रथम निघण्याची तारीख ठरवतो, मग तिकिटे काढतो, मुक्कामाची सोय पाहतो आणि परतीचा दिवस जसा जमेल तसा स्वीकारतो. समुद्राच्या पोटात उतरण्यासाठी केलेल्या सहलीत मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. तेथे आखणीचा आरंभ परतीच्या विमानाच्या वेळेपासून होतो. असे का, हे एकदा उमगले, की उरलेल्या तयारीचा अर्थ आपोआप लागत जातो.

प्रस्तुत लेखात कॅरिबियन समुद्रातील बोनेर या बेटाचे उदाहरण घेऊन ही आखणी आपण समजून घेऊ. इतक्या दूरची सहल प्रत्येकाला परवडणारी नाही, हे उघड आहे. तथापि पाण्याखाली शरीराच्या बाबतीत जे नियम बोनेरला पाळावे लागतात, तेच अंदमानात आणि मालवणच्या किनाऱ्यावरही पाळावे लागतात.

बोनेर हे व्हेनेझुएलाच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटर अंतरावर असलेले छोटेसे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ २८८ चौरस किलोमीटर. अरुबा व कुरासाओ ही त्याची शेजारची बेटे. २०१० पासून बोनेर हा नेदरलँड्सचा एक विशेष नगरप्रदेश आहे. कारभाराची भाषा डच असली, तरी घरादारात ऐकू येते ती पापियामेंतू. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून ती घडली आहे. राजधानीचे नाव क्रालेंडाइक. ते 'प्रवाळाचा बांध' अशा अर्थाच्या डच शब्दावरून आले असे मानतात. गावाच्या नावातच प्रवाळ असावे, इतके हे बेट प्रवाळाशी बांधलेले आहे.

पाणबुड्यांनी हेच बेट का निवडावे? येथे वारा बहुतेक वर्षभर पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर लाटा आदळत असतात आणि बेटाच्या आडोशाचा पश्चिम किनारा शांत राहतो. या बाजूला प्रवाळभित्ती किनाऱ्याला इतकी लगटून आहे, की होडीची गरजही क्वचितच पडते. माणूस वाळूवरून चालत पाण्यात शिरतो आणि थोडे पोहताच प्रवाळाच्या उतारावर पोहोचतो. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेले दगड ठेवलेले असतात व त्यांवर त्या त्या जागेचे नाव लिहिलेले असते. उघड्या हौद्याची गाडी भाड्याने घ्यावी, तीत हवेचे सिलिंडर ठेवावेत आणि पिवळा दगड पाहून थांबावे, असा येथला रिवाज. एका जागेचे नाव 'हजार पायऱ्या' असे आहे. प्रत्यक्षात त्या शंभरही नाहीत. पण पाठीवर सिलिंडर घेऊन वर चढणाऱ्याला नाव खोटे वाटत नाही.

कॅरिबियन समुद्रात जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ असतो. बोनेर वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेस असल्यामुळे या महिन्यांतही तेथे जाता येते. परंतु त्यावर पूर्णपणे विसंबू नये. १९९९ मध्ये 'लेनी' आणि २००८ मध्ये 'ओमर' या वादळांच्या लाटांनी नेमका एरवी शांत असणारा पश्चिम किनाराच झोडपला होता आणि उथळ पाण्यातील प्रवाळाची मोडतोड झाली होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परतीच्या विमानाचा आणि पाण्याचा संबंध काय?

समुद्रसपाटीवर आपल्या शरीरावर एक वातावरण इतका हवेचा दाब असतो. पाण्यात दर १० मीटर खोलीला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे ३० मीटर खोलीवर दाब चौपट होतो. या दाबाखाली श्वास घेता यावा म्हणून सिलिंडरमधील हवाही तेवढ्याच दाबाने तोंडाशी यावी लागते. हे काम करणारे उपकरण जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंचांनी १९४३ मध्ये यशस्वी केले; त्यालाच आपण आज रेग्युलेटर म्हणतो. चौपट दाबाने हवा घेतली, की दोन गोष्टी घडतात. एक तर सिलिंडर चौपट वेगाने रिकामा होतो. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच अधिक धोक्याची आहे. हवेतील सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनचा असतो. एरवी तो श्वासाबरोबर येतो आणि जातो. पण वाढत्या दाबाखाली तो रक्तात व स्नायूंत विरघळू लागतो.

सोड्याची बंद बाटली डोळ्यांसमोर आणा. तिच्यात वायू विरघळलेला असतो, तरी तो दिसत नाही. झाकण झटकन उघडले, की फसफसून बुडबुडे वर येतात. अगदी हळूहळू सैल केले, तर वायू निमूटपणे निघून जातो. घाईने वर येणाऱ्या पाणबुड्याचे शरीर म्हणजे झटकन उघडलेली बाटली होय. रक्तात व सांध्यांत बुडबुडे तयार होऊन असह्य वेदना होतात, अंग बधिर होते, कधी पाय कायमचे लुळे पडतात, तर कधी मृत्यूही ओढवतो. जॉन हाल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची रीत १९०८ मध्ये मांडली. आज मिनिटाला ९ मीटरपेक्षा अधिक वेगाने वर येऊ नये आणि पृष्ठभागाखाली ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे, असे शिकवतात. वर येताना श्वास रोखून धरणे तर सर्वथा वर्ज्य. १० मीटरवर पूर्ण भरलेल्या फुप्फुसांतील हवा पृष्ठभागाशी येईपर्यंत दुप्पट जागा मागते. ती बाहेर पडली नाही, तर फुप्फुस फाटते.

इतके सांभाळून वर आल्यावरही थोडा नायट्रोजन शरीरात उरतोच. तो बाहेर पडायला तास लागतात. विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाहून कमी, साधारणपणे एखाद्या उंच डोंगरावर असावा तेवढा असतो. म्हणजे उरलेल्या वायूवरचे झाकण पुन्हा उघडले! म्हणून एकदाच बुडी मारली असेल, तर विमानात बसण्यापूर्वी किमान १२ तास आणि अनेक दिवस बुड्या मारल्या असतील, तर किमान १८ तास जाऊ द्यावेत, असा दंडक आहे. पुष्कळजण पुरते २४ तास थांबतात, आणि तेच शहाणपणाचे. समजा, परतीचे विमान रविवारी सकाळी ९ वाजता आहे. २४ तास मागे गेलो, की शनिवारी सकाळचे ९ येतात. याचा अर्थ शेवटची बुडी शुक्रवारी मारायची आणि शनिवार कोरडा ठेवायचा. सहलीचा आराखडा या शनिवारापासून मागे मागे रचत न्यावा.

आरंभीचे दिवसही असेच राखून ठेवावे लागतात. बोनेरचे घड्याळ आपल्याहून साडेनऊ तास मागे असते. भारतातून थेट विमान नाही. ॲम्स्टरडॅमसारख्या ठिकाणी विमान बदलावे लागते. दोन रात्रींचे जागरण आणि कोरडा पडलेला घसा घेऊन पाण्यात उतरणे म्हणजे संकटाला आमंत्रण. पोहोचल्यावर एक दिवस विश्रांती घ्यावी. शिवाय समुद्र उद्यानाचे शुल्क भरून, तेथले नियम ऐकून आणि उथळ पाण्यात एक परीक्षेची बुडी मारून दाखवल्याखेरीज तेथे मोकळेपणाने उतरू देत नाहीत. तात्पर्य, आठ दिवसांच्या मुक्कामात पाण्याला खरे पाच-सहा दिवसच मिळतात. खर्चाचा हिशेब करताना हे ध्यानात घ्यावे.

प्रशिक्षण मात्र निघण्यापूर्वीच आपल्या देशात पुरे करावे. मालवण-तारकर्लीला जाऊन आलेले अनेकजण 'मी स्कूबा केले आहे' असे सांगतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी प्रशिक्षकाने हात धरून दाखवलेली काही मिनिटांची गंमत अनुभवलेली असते. तीत वाईट काहीच नाही, पण ते प्रशिक्षण नव्हे. तीन-चार दिवसांचा रीतसर अभ्यासक्रम पूर्ण केला, म्हणजे १८ मीटरपर्यंत जोडीदारासह उतरण्याचे प्रमाणपत्र मिळते. असे अभ्यासक्रम तारकर्ली, पुदुच्चेरी आणि अंदमान येथे चालतात. त्याआधी वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागते. दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास ते लपवू नये. पैसे भरले आहेत म्हणून सर्दी झालेली असताना उतरणारे लोकही असतात. त्यांच्या कानाचे पडदे दाबाने फाटू शकतात.

व्हिसा, विमा आणि पैसा यांविषयी थोडक्यात सांगायचे, तर युरोपचा शेंगेन व्हिसा आणि कॅरिबियनमधील डच बेटांचा व्हिसा हे एकच नव्हेत. म्हणून वकिलातीकडे आधी चौकशी करावी. साध्या प्रवासविम्यातून पाणबुडीचे अपघात अनेकदा वगळलेले असतात. उच्चदाब कक्षातील उपचार फार महाग असल्याने त्यांचा समावेश असलेला विमा घ्यावा. चलन अमेरिकन डॉलर आहे.

येथवर माणसाच्या जिवाचा विचार झाला. प्रवाळाच्या जिवाचे काय? १९६२ मध्ये डॉन स्टुअर्ट हा अमेरिकन नाविक बोनेरला आला. तो स्वतः भाल्याने मासे मारणारा होता. पुढे त्याच्याच ध्यानात आले, की होड्यांचे नांगर प्रवाळ मोडत आहेत. त्याने नांगराऐवजी कायमच्या बोयांना होड्या बांधण्याचा आग्रह धरला. १९७१ मध्ये भाल्याच्या शिकारीवर आणि १९७५ मध्ये प्रवाळ तोडण्यावर बंदी आली. १९७९ मध्ये बेटाभोवतीचे ६० मीटर खोलीपर्यंतचे सारे पाणी समुद्र उद्यान म्हणून राखले गेले. तेथे हातमोजे घालण्यासही मनाई आहे. कारण सोपे आहे : हात उघडा असला, की माणूस प्रवाळाला धरत नाही. गोलाकार प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटरच वाढतो. नवशिक्याच्या एका लाथेने मोडलेला तुकडा वाढायला एका माणसाचे अर्धे आयुष्य लागले असेल.

तरीही हे बेट निर्धास्त नाही. २०१४ मध्ये फ्लोरिडात आढळलेला कठीण प्रवाळाचा एक रोग २०२३ मध्ये बोनेरला पोहोचला. त्याने ग्रासलेल्या प्रवाळाचे जिवंत आवरण गळून पडते आणि पांढरा सांगाडा उरतो. शतकभर वाढलेला प्रवाळ काही आठवड्यांत मरतो. म्हणून एका जागेहून दुसरीकडे जाताना साहित्य जंतुनाशक द्रावणात बुडवून धुण्यास सांगतात. आपल्या सामानातून रोग नेला जाऊ नये, यासाठी बोनेरला निघण्यापूर्वी घरीही ते स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावे.

राहता राहिला तो कोरडा शनिवार. साहित्य उन्हात वाळत घालून बेटाच्या दक्षिण टोकाला जावे. तेथे मिठागरे आहेत, मिठाचे पांढरे ढीग आहेत, आसपास रोहित पक्षी दिसतात. किनाऱ्यालगत दगडी खोपट्यांची एक रांग आहे. १८५० च्या सुमारास मिठागरांवर राबणाऱ्या गुलामांसाठी ती बांधली गेली. डच वसाहतींत गुलामगिरी संपली ती १८६३ मध्ये. या खोपट्यांचे दार इतके ठेंगणे आहे, की मोठ्या माणसाला वाकून आत शिरावे लागते, आणि आत गेल्यावरही त्याला ताठ उभे राहता येत नाही. आठवडा संपला, की येथली माणसे बेटाच्या उत्तरेकडील रिंकोन गावी, आपल्या कुटुंबाकडे, तासन् तास चालत जात असत.