सरासरीआड दडलेला विलंब

वर्धा जिल्ह्यातल्या पॉवरग्रिडच्या ७६५ केव्ही उपकेंद्रातून सिवनी, रायपूर, छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) दिशेने वाहिन्या जातात. अशा वाहिनीवर दोष आला की ब्रेकर उघडायचा का, हे दोष ओळखणाऱ्या रिलेला काही मिलिसेकंदांत ठरवावे लागते. आयईसी ६१८५० पद्धतीच्या अनेक डिजिटल उपकेंद्रांत विजेच्या २० मिलिसेकंदांच्या प्रत्येक आवर्तनात मोजमापाचे ८० नमुने येतात, म्हणजे दर २५० मायक्रोसेकंदांना एक. सहसा हे नमुने वाचून निर्णय घेण्याचे काम खास बनावटीचे रिले करतात; पण तेच साध्या सर्व्हरवर सोपवण्याचे प्रयोग जगात सुरू आहेत. लिनक्सच्या मूळ गाभ्यात २०२४ साली रिअल-टाइमची, म्हणजे ठरल्या वेळेत काम होण्याची, सोय आली, त्यामुळे सॉफ्टवेअर बदलले की भागले असे वाटू शकते. मला ते धोक्याचे वाटते. अशा सर्व्हरची परीक्षा कार्यप्रणालीच्या खालून, हार्डवेअरपासून सुरू व्हायला हवी.

कारण बायोसमधले फर्मवेअर प्रोसेसरला मध्येच थांबवून स्वतःचे काम करून घेऊ शकते. या ‘सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट’ची कार्यप्रणालीला खबरही नसते आणि तो तिला अडवताही येत नाही. त्यात शेकडो मायक्रोसेकंद गेले, तर नमुना वेळेत वाचला जात नाही. सरासरीत हे दिसणारच नाही: लाखो वेळा काम वेळेत होते आणि एकदाच चुकते. शोधण्याची रीत मात्र सुरेख आहे. प्रोसेसरच्या एका कोअरवरचे बाकीचे इंटरप्ट बंद करून त्याला सतत फक्त घड्याळ वाचायला लावायचे. दोन वाचनांत मोठी फट पडली, तर दोष बहुधा कार्यप्रणालीच्या खालचा. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये या इंटरप्टची मोजणी ठेवणारा काउंटरही असतो; फटीबरोबर आकडा वाढला, तर संशय थेट फर्मवेअरवर. पण सतत जागा असलेला कोअर वीजबचतीच्या झोपेतून उठायला लागणारा वेळ दाखवत नाही. त्यासाठी कोअरला झोपवून, ठरल्या क्षणी उठवून पाहणारी ‘सायक्लिकटेस्ट’ वेगळी चालवावी लागते.

वेगवान प्रोसेसर घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण फर्मवेअरने थांबवलेला प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी थांबलेलाच असतो. मग हे इंटरप्ट बंदच का करू नयेत? काही करता येतात, जसे यूएसबी कीबोर्डला जुन्या पद्धतीचा भासवणाऱ्या सोयीसाठीचे. पण काही यंत्रांत तापमानावरची नजर आणि मेमरीतल्या चुकांची नोंद याच मार्गाने होते. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो; नियंत्रण कक्षाचे वातानुकूलन बंद पडले, तर तीच नजर सर्व्हरला वाचवू शकते. म्हणून सरसकट बंद करण्याऐवजी यंत्रच पारखून घ्यावे. निविदेत सरासरी नव्हे, तर पूर्ण भाराखाली, तापलेल्या अवस्थेत, दिवसभराच्या चाचणीत नोंदलेला सर्वांत मोठा विलंब मागावा, आणि फर्मवेअर बदलले की तीच चाचणी पुन्हा घ्यावी.